माल पोचला, पण जीआरएन होईना

आमची कांदा-लसूण चटणी आज एका मोठ्या दुकानसाखळीत विकली जाते आणि पैसे वेळेवर येतात. पण पहिल्याच ऑर्डरला भिवंडीच्या एका गोडाऊनने जो मनस्ताप दिला, त्याचा राग अजून गेलेला नाही. नव्याने पुरवठा सुरू करणाऱ्यांच्या वाट्याला तो येऊ नये म्हणून लिहिते आहे.

अन्नपरवाना, दराची बोलणी, नमुना पास होणं हे रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बारकोड मात्र थेट जीएस1 इंडियाकडून, म्हणजे बारकोड देणाऱ्या अधिकृत संस्थेकडून, आपल्या नावावर घ्या. बाहेर स्वस्तात मिळणारे आकडे दुसऱ्याच्याच नावावर निघू शकतात.

आमचं युनिट कोल्हापूर जिल्ह्यात. उत्पादन जाऊबाई बघतात, खरेदी आणि पाठवणी माझ्याकडे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहिला टेम्पो निघाला आणि माल उतरवायला दिलेल्या वेळेच्या, म्हणजे स्लॉटच्या, आधी गेटवर जाऊन उभा राहिला. दुपारी ड्रायव्हरचा फोन आला, "ताई, आत घेत नाहीत. कॉम्प्युटरला जुळत नाही म्हणतात."

आमच्या पेटीत 24 पाकिटं. त्यांच्याच परचेस ऑर्डरवर 24 छापलेलं. पण गोडाऊनच्या सिस्टिममध्ये आमच्या मालापुढे कुणीतरी 20 भरून ठेवलं होतं. ऑर्डर दाखवली तर गेटवरचा माणूस म्हणतो, कागदाचं काही नाही, स्क्रीनवर दिसलं पाहिजे. खरेदी विभागाचे साहेब मीटिंगमध्ये. संध्याकाळपर्यंत स्लॉट गेला, टेम्पो रात्रभर रस्त्याकडेला, हॉल्टिंगचा खर्च आमच्या माथी. त्यात ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी जीएसटीखाली लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची, मुदत संपत आलेली. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, गेटबाहेर ताटकळण्याचा वेळ त्यात कुणी धरलेला नसतो. मुदत वाढवायची तर ती संपण्याच्या आधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास, एवढीच सवड. ट्रान्सपोर्टवाल्याला रात्रीच फोन करून वाढवून घेतली. हे काम सकाळवर टाकू नका.

दुसऱ्या दिवशी माल उतरला. मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर शिक्का आणि सही मिळाली. वाटलं, सुटलो.

पण जीआरएन झालंच नाही. जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्या सिस्टिममधली नोंद. ती झाल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. आकडा दुरुस्त झाल्याशिवाय नोंद होणार नाही, असं गोडाऊनचं म्हणणं. दुरुस्ती खरेदी विभागाने करायची, तर ते म्हणतात गोडाऊनने मेल पाठवावा. गोडाऊन म्हणतं, मेल कधीच गेला. हिशोब विभागाचं उत्तर सगळ्यांत चीड आणणारं होतं: "जीआरएन नाही, म्हणजे आमच्या लेखी माल आलेलाच नाही." आमच्या पेट्या त्यांच्याच छपराखाली होत्या! पुरवठा साखळीत माल, माहिती आणि पैसा असे तीन प्रवाह असतात, असं शिकवतात. आमचा माल कोल्हापूरहून भिवंडीला गेला. माहितीला एका विभागातून दुसऱ्या विभागात जाता येईना, आणि तिच्यामागे पैसा अडकला.

आणि अडकला तो नेमका मिरचीच्या दिवसांत. रंगासाठी ब्याडगी कर्नाटकातून येते, तिखटासाठी संकेश्वरी गडहिंग्लजच्या बाजारातून. उन्हाळा संपायच्या आत मिरची घेऊन कोल्ड स्टोरेजला टाकली, तरच वर्षभर चटणीचा रंग एकसारखा राहतो. नंतर व्यापारी सांगेल तो भाव. जाऊबाई रोज विचारायच्या, "आले का गं पैसे?" मला उत्तर द्यायची लाज वाटायची, आणि ती लाज खरं तर त्या गोडाऊनला वाटायला हवी होती.

फोन, विनवण्या, ओळखी, कशाचाच उपयोग झाला नाही. उपयोग झाला पत्राचा. पंधरवडा उलटून गेल्यावर मी थेट हिशोब विभागाच्या प्रमुखांना मेल केला, शिवाय स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं. सोबत ऑर्डर, शिक्क्याचं चलन, ई-वे बिल आणि आमचा उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक. पत्रात आधार दिला तो सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा 2006 चा, कलम 15: लेखी करारात काहीही ठरलेलं असो, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल प्रत्यक्ष पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. आम्हाला कुणीही लेखी हरकत कळवली नव्हती. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. शिवाय 2024-25 च्या करनिर्धारण वर्षापासून असे मुदतीत न दिलेले पैसे खरेदीदाराला प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच खर्चात धरता येतात. मार्च तोंडावर असताना हिशोब विभागाला हे वाक्य चांगलंच कळतं.

त्याच आठवड्यात आकडा दुरुस्त झाला. जीआरएनवर ते त्या दिवसाची तारीख घालायला निघाले होते. मी नाही म्हटलं, नाहीतर त्यांनी 45 दिवस तिथून मोजले असते. चलनाच्या शिक्क्यावरचीच तारीख घालून घेतली आणि पैसे मुदतीत आले. याचा मला अभिमान आहे. मिरचीही वेळेत घेतली.

आता टेम्पो निघण्याआधी मी त्यांच्याकडून मेलवर लिहून घेते, की पेटीतली पाकिटं, वजन आणि बारकोड गोडाऊनच्या सिस्टिममध्ये ऑर्डरप्रमाणेच आहेत. उत्तर आलं नाही तर टेम्पो भरत नाही. चलनाचा शिक्का तारखेसकट हवा, आणि ड्रायव्हरने गेट सोडण्याआधी त्याचा फोटो पाठवायचा.

पाउचचं राहिलंच. छपाईचे सिलिंडर बनवण्यात आठवडे जातात आणि छापणारे ठरावीक किलोंखाली ऑर्डर घेत नाहीत. तेव्हा मिरचीच्या पैशांबरोबर पाउचचे पैसेही वेगळे काढून ठेवा.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. आणि ती पहिला माल पाठवायच्या आधी करा. नुसता व्यापार करणाऱ्यांना उद्यम क्रमांक मिळतो, पण उशिराच्या पैशांबद्दलचं हे संरक्षण मिळत नाही. ते माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांनाच आहे.