पीटीचं प्रशिक्षण सभागृहात नको, मैदानावर घ्या

शाळेच्या कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण म्हटलं की साचा ठरलेला असतो. सभागृह, पडद्यावर स्लाइड्स, जेवणानंतर डुलक्या, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी मैदानावरचा तास होता तसाच चालू. यात शिक्षकांचा फारसा दोष नाही. ज्या गोष्टी हातापायांनी करायच्या, त्या खुर्चीत बसून ऐकल्या की अंगात उतरत नाहीत.

माझ्या मते अशा प्रशिक्षणाचा कस दोनच ठिकाणी लागतो. घंटा झाल्यावर किती वेळात सगळी मुलं हलायला लागतात? आणि मैदानावर एखादं मूल कोसळलं तर पहिल्या मिनिटात कोण काय करतं? साहित्य, तक्ते, चाचण्या या दोन्हींच्या कामी येत असतील तर ठेवा, नाहीतर कपाट अडवू नका.

पहिला प्रश्न आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, आणि दम लागेल, स्नायू-हाडं बळकट होतील अशी हालचाल आठवड्यातून निदान ३ दिवस. पीटीच्या तासांतून हा हिशेब पुरा होत नाही, हे उघडच आहे. म्हणून तर हाती असलेला तास वाया घालवणं परवडत नाही. तासातला निम्मा वेळ तरी मूल हलतं असावं, हे लक्ष्य सर्वसाधारणपणे मानलं जातं.

ते गाठलं जातंय का, हे कळायला स्टॉपवॉच पुरतं. एक शिक्षक तास घेतो, दुसरा कडेला उभा राहतो. कडेच्याने एकच मूल निवडायचं. वर्गातला हिरो नको, मधल्या फळीतलं घ्या. ते चालायला किंवा पळायला लागलं की घड्याळ सुरू, थांबलं की बंद. थांबण्याचं कारण शेजारी लिहायचं: हजेरी, सूचना, रांग, साहित्य वाटप, भांडण. ४० मिनिटांच्या तासात प्रत्यक्ष हालचाल किती झाली हा आकडा समोर आला की पुढचं भाषण करावं लागत नाही. (याची अधिक काटेकोर पद्धत हवी असेल तर मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेली ‘सोफिट’ आहे. १० सेकंद बघायचं, १० सेकंद नोंदवायचं. शाळेच्या रोजच्या कामाला साधं घड्याळ चालतं.)

वेळ सगळ्यात जास्त खाते ती रांग. ४० मुलं, १० जणांच्या ४ रांगा, प्रत्येकाने चेंडू ड्रिबल करत जाऊन यायचं, एका फेरीला २० सेकंद. म्हणजे दर २०० सेकंदांत मुलाच्या वाट्याला २० सेकंद. १५ मिनिटं हा सराव चालला तर प्रत्येकाला मिळतात ९० सेकंद, बाकी साडेतेरा मिनिटं पुढच्याच्या पाठीकडे बघत उभं राहायचं. तेच ४ जणांचे १० गट केले तर २२५ सेकंद, आणि दोघांत एक चेंडू दिला तर साडेसात मिनिटं. चेंडू कमी असतील तर अर्ध्या गटांना चेंडू द्या, बाकीच्यांना दोरी किंवा तोल सांभाळण्याचं काम द्या, आणि ५ मिनिटांनी अदलाबदल करा. सामन्यालाही हेच लागू. ११ विरुद्ध ११ खेळात चेंडू चार-पाच जणांतच फिरतो. त्यापेक्षा ३ विरुद्ध ३, छोटी मैदानं, गोलरक्षक नाही.

दुसरं छिद्र सूचनांचं. चेंडू आधी वाटले की शिक्षकाकडे कोणी बघत नाही. आधी सांगायचं, मग वाटायचं. क्रमही ठरवून घ्या: कुठे, कोणाबरोबर, काय, थांबायची खूण कोणती, आणि सगळ्यात शेवटी ‘सुरू’. ‘पळा’ हा शब्द पहिल्या वाक्यात आला की उरलेली वाक्यं वाऱ्यावर. ३० सेकंदांत सांगून होत नसेल तर खेळ त्या वयाला अवघड आहे असं समजा. उभं राहताना ऊन मुलांच्या पाठीशी आणि शिक्षकाच्या तोंडावर असावं. बारीकसं वाटतं, पण डोळ्यांवर हात धरून उभी असलेली मुलं अर्धंच ऐकतात. हजेरी वॉर्मअप चालू असताना घ्यावी, त्यासाठी कोणाला उभं करू नये.

‘आऊट झाला, बस बाहेर’ हा नियम तर काढूनच टाका. जे मूल सगळ्यात आधी आऊट होतं त्यालाच हालचालीची गरज जास्त असते, आणि तेच सगळ्यात जास्त वेळ बसतं. आऊट झालेला दुसऱ्या गटात गेला, किंवा साथीदाराने शिवून सोडवला, की खेळ तोच राहतो आणि बसणारं कोणी उरत नाही. दोन कॅप्टन निवडून त्यांनी एकेक गडी मागून घ्यायचा ही पद्धतही बंद करा, शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं. शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या देण्याबद्दल काय बोलावं! जे आवडीने करावं असं आपल्याला वाटतं, तेच दंड म्हणून वाटायचं.

अपंगत्व किंवा आजारपण असलेल्या मुलाला ‘तू गुण लिही’ म्हणून बाजूला बसवणं ही फार जुनी पळवाट. प्रशिक्षणात चार गोष्टी बदलून बघायची सवय लावून घ्यावी: जागा, काम, साहित्य आणि सोबतची माणसं. चारांपैकी एक बदलली तरी बरेचदा काम भागतं. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधला की तो सरकताना सळसळतो आणि आवाजावरून कळतो. झेल जमत नसेल तर फुगा द्या. तो हळू येतो, हातांना वेळ मिळतो.

साहित्याच्या बाबतीत संख्येइतकंच माप महत्त्वाचं. फुटबॉल साधारण ८ वर्षांपर्यंत ३ नंबरचा, ८ ते १२ ला ४ नंबरचा, त्यापुढे ५ नंबरचा. लहान मुलांना ५ नंबरचा दिला की पाय दुखतो आणि मूल चेंडूला घाबरायला शिकतं. दोरीचं माप घ्यायला मधोमध एक पाय ठेवायचा, दोन्ही मुठी काखेपर्यंत आल्या की झालं. चेंडूत हवा भरताना सुई ओली करून घालावी. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर फाडते, मग हवा हळूहळू उतरते आणि खापर चेंडूवर फुटतं. शंका असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले की गळती तिथेच. साहित्य एका मोठ्या पोत्यात न ठेवता गटागणिक टोपल्यांत भरून ठेवा: २ चेंडू, ४ कोन, २ दोऱ्या. वाटपाला मिनिटभर लागतं.

गोलपोस्टबद्दल मात्र हयगय नको. सुटे, हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला जखडलेले नसतील तर मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि सगळा सांगाडा पुढे कलंडतो. यात मुलांचे जीव गेले आहेत. मागच्या बाजूला खुंट्या किंवा पुरेसं वजन असल्याशिवाय खेळ सुरू करू नये, आणि वापरात नसताना पोस्ट आडवे करून किंवा साखळीने बांधून ठेवावेत. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू पाऊस पडून गेला की दगडासारखी बसते. उड्या सुरू करण्याआधी ती फावड्याने ३० सेंटीमीटर तरी खोल भुसभुशीत करायची, आणि दाताळं खड्ड्यापासून लांब, दात जमिनीकडे करून ठेवायचं.

क्षमता चाचण्यांत सगळ्यात जास्त वापरली जाते ती २० मीटरची शटल रन, म्हणजे बीप टेस्ट: बीपच्या तालावर दोन रेघांमध्ये ये-जा पळायचं. लेजे आणि लँबर्ट यांनी १९८२ मध्ये मांडलेली. प्रचलित आवृत्तीत वेग ताशी ८.५ किलोमीटरपासून सुरू होतो आणि दर मिनिटाला, म्हणजे दर टप्प्याला, ०.५ ने वाढतो. दुसऱ्या एका आवृत्तीत सुरुवात ८.० ने होते आणि दुसऱ्या टप्प्यात ९.० येतात. दोन्हींचे निकाल एकाच तक्त्यात टाकले की तुलना गेली. म्हणून कोणती आवृत्ती वापरली ते नोंदवहीत लिहायलाच हवं.

चूक बहुतेक वेळा अंतरात होते. पावलं मोजून रेघ मारली आणि ती १९ मीटरवर पडली, तर मूल प्रत्येक बीपला ५ टक्के हळू पळतंय. पाचव्या टप्प्याचा वेग असतो १०.५, पण प्रत्यक्षात ते ९.९८ ने पळतं, म्हणजे जवळजवळ एक अख्खा टप्पा फुकट मिळाला. तेव्हा टेपनेच मोजा, आणि दोन्ही टोकांना मोजा. ऑडिओही तपासा: ८.५ च्या आवृत्तीत पहिल्या टप्प्यातलं बीपमधलं अंतर सुमारे साडेआठ सेकंद असलं पाहिजे. चाचणीच्या आधीच्या तासाला दोन टप्पे नुसते सरावाचे पळवून घ्या. मुलं पहिल्याच फेरीत सुसाट सुटतात आणि चौथ्या टप्प्यात बसकण मारतात, तेव्हा क्षमता नाही, उतावळेपणा मोजला जातो. आणि निकाल भिंतीवर लावू नका. ज्याची त्याला मागच्या वेळची फेरीसंख्या आणि या वेळची, एवढं पुरे.

उंची-वजनाचंही तेच. वजनकाटा कडक फरशीवर ठेवा, चटईवर ठेवलेला काटा चुकीचं दाखवतो. आकडा मोठ्याने वाचून पुढच्याला लिहायला सांगायची पद्धत बंद. बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याचा) मोठ्यांचा २५ चा निकष मुलांना लावायचा नसतो. ५ ते १९ वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे वय आणि लिंगानुसार तक्ते आहेत, ते बघा.

आता दुसरा प्रश्न, कोसळलेल्या मुलाचा. इथे प्रशिक्षण फक्त पीटीच्या शिक्षकाला देऊन भागत नाही. मैदानाजवळ त्या क्षणी जो असेल, शिपाई, ग्रंथपाल, बसमधल्या ताई, त्याला आपलं काम माहीत हवं. कामं तीन. एक जण मुलापाशी. दुसरा रुग्णवाहिकेसाठी फोन लावतो आणि फोन न ठेवता सूचना ऐकत राहतो. तिसरा एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं पेटीतलं यंत्र) आणि प्रथमोपचाराची पिशवी आणतो, आणि जाता जाता फाटक उघडायला कोणाला तरी पाठवतो. एईडी मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद केबिनमध्ये असेल तर तो असून नसल्यासारखा. सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास) मिळत नसेल तर विजेचा झटका द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यातून पळत जाऊन एईडी आणायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा. ३ मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर पेटीची जागा बदला.

शिकवताना एक गोष्ट ठासून सांगावी लागते: अधूनमधून घेतलेले आचके म्हणजे श्वास नव्हे. छातीवर चेंडू बसून मूल पडलं, एखादा झटका आला, घशातून आवाज आला, की बघणाऱ्यांना ती फिट वाटते आणि मोलाची मिनिटं जातात. हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, एवढं दिसलं की दाब सुरू. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे शाळकरी मुलात सुमारे ५ सेंटीमीटर. मिनिटाला १०० ते १२०. येत असेल तर ३० दाबांना २ श्वास, येत नसेल तर नुसते दाब. दर २ मिनिटांनी माणूस बदला. पुतळ्यावर सराव करताना लोक दोन ठिकाणी चुकतात: दाब उथळ पडतो, आणि दाबल्यावर हात पूर्ण सैल सोडला जात नाही, त्यामुळे छाती वर येत नाही. हे कौशल्य ३ ते ६ महिन्यांत विसरायला लागतं. म्हणून वर्षातून एक दिवस घेण्यापेक्षा दर तिमाहीला प्रत्येकी १० मिनिटं पुतळ्यावर घालवलेली बरी.

डोक्याला मार लागला आणि मूल गांगरलं, डोकं दुखतंय म्हणालं, तर त्या दिवशी खेळ बंद. ‘बेशुद्ध तर झाला नव्हता’ हे कारण चालत नाही, बहुतेक कन्कशनमध्ये (डोक्याच्या माराने मेंदूला बसलेल्या धक्क्यात) शुद्ध हरपतच नाही. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, हातापायात अशक्तपणा यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय. मान दुखत असेल तर मुलाला हलवू नका.

दम्याच्या मुलाचा इनहेलर मैदानावरच्या पिशवीत हवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही. त्याला नीट बसवा, झोपवू नका. स्पेसरमधून (इनहेलरला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून) एका वेळी एकच पफ, पुढचं त्याच्या लेखी योजनेप्रमाणे. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन हवेत वाळवायचा. फडक्याने पुसला की स्थिर विद्युत तयार होते आणि औषध प्लास्टिकलाच चिकटतं. मधुमेही मूल घामाघूम झालं, थरथरायला लागलं, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे ३-४ लहान चमचे पाण्यात विरघळवून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. उन्हात पळून मूल असंबद्ध बोलायला लागलं तर तो उष्माघात समजा. फोन लावा आणि गाडीची वाट न बघता थंड पाण्यात बसवा किंवा पाणी ओतत वारा घाला. आधी गार करायचं, मग हलवायचं.

हे सगळं एका दिवसात कोंबायचं नाही. महिन्याला २० मिनिटं, मैदानावर, एकच विषय आणि त्याची प्रत्यक्ष कवायत: या महिन्यात रांगा मोडणं, पुढच्यात एईडीची धाव, त्यापुढे इनहेलर. नोंदवहीत तारीख, विषय, कोण हजर होतं आणि किती सेकंद लागले, एवढंच लिहा. गैरहजर असणाऱ्यांची नावं वेगळी काढा, कारण अडचणीच्या वेळी मैदानावर बदली शिक्षकच असण्याची शक्यता बरीच असते. त्याच्यासाठी शिट्टीच्या खुंटीवर एक पान अडकवून ठेवा: कोणत्या वर्गात कोणाला दमा, मधुमेह, फिट किंवा ॲलर्जी आहे, औषध कोणत्या कप्प्यात आहे, फाटकाची किल्ली कोणाकडे आहे. पान पालथं लटकवा, म्हणजे येता-जाता मुलांना वाचता येणार नाही.