खूण म्हणून गव्हाणीच का?

२० डिसेंबर, रात्री उशिरा

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, आज परत काढला, संडे स्कूलच्या तयारीसाठी खरं तर, दहा मिनिटांत उरकेल असं वाटलं होतं आणि आता बघते तर अर्धी रात्र होत आलीय. इतक्यांदा ऐकलेला भाग की डोळे आपोआप पुढे पळतात, रोमचा कैसर औगुस्त, नावनिशी, बेथलेहेम, गव्हाणी, मेंढपाळ, देवदूत, झालं, संपलं. यावेळी १२ व्या वचनापाशी गाडी अडली. देवदूत मेंढपाळांना सांगतो की तारणारा जन्मलाय, आणि तुम्हाला खूण काय, तर बाळंत्याने गुंडाळलेलं नि गव्हाणीत निजवलेलं बालक सापडेल.

म्हणजे गव्हाणी ही खूण आहे! मी आजवर ती गैरसोय म्हणूनच वाचत आले, बिचारी मरिया, जागा मिळाली नाही, काय करणार, जे होतं त्यात भागवलं वगैरे. पण इथे तर पत्ता म्हणून तेच सांगितलंय. बाळंतं काय, त्या रात्री गावातल्या प्रत्येक तान्ह्या बाळाला गुंडाळलेलं असणार, त्यावरून कोण कोणाला ओळखणार? जनावरांच्या चाऱ्याच्या जागी निजवलेलं मात्र एखादंच.

आणि मेंढपाळांच्या बाजूने बघितलं तर हा पत्ता किती सोयीचा आहे! बेथलेहेमपासून पाच-सहा किलोमीटरवर हेरोद राजाचा टेकडीवरचा राजवाडा होता, हेरोदियम, स्वतःचंच नाव दिलेलं, बुरुज नि तलाव नि बागा सगळं थाटात. बाळ तिथे आहे असं सांगितलं असतं तर रात्रपाळी करून मेंढरांच्या वासात माखलेली ही माणसं कुठल्या दारावर जाऊन उभी राहिली असती? पहिल्याच पहारेकऱ्याने हाकललं असतं. गव्हाणीजवळ जायला मात्र त्यांना कुणाची परवानगी नको, काय घालून जायचं हा प्रश्न नको, आणि तिथे कसं वागायचं हे तर त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत असणार. मला वाटतं विश्वासणाऱ्या माणसासाठी या दीन जन्माचा पहिला अर्थ इथे आहे, की देव अशा ठिकाणी आला जिथे आधीपासून दाराबाहेर ठेवलेल्यांना सरळ चालत जाता येतं.

आता एक गोष्ट मला जरा खटकते. नाताळ आला की "बघा, गोठ्यात जन्मला आणि केवढा मोठा झाला" हा सूर हमखास लागतो, गरिबीतून वर आलेल्या यशस्वी माणसाच्या मुलाखतीसारखा. अहो पण तो वर कुठे गेला? गव्हाणीपासून सुरुवात, मग सुताराचं घर, मग डोकं टेकायला जागा नाही असं स्वतःच सांगणं, आणि शेवटी वधस्तंभ, कबरसुद्धा दुसऱ्याची. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना पत्रात लिहितो त्यातही दिशा खालचीच आहे, देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, आणि मरणापर्यंत, तेही वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला. देवाने त्याला उंच केलं हे त्याच्यानंतर येतं. त्यामुळे गव्हाणी म्हणजे मागे टाकायची पायरी असं मला तरी वाचता येत नाही, पुढचं सगळं आयुष्य तिच्याच धर्तीवर गेलंय.

मुलांच्या वर्गातला एक प्रश्न परवापासून डोक्यात आहे. एक चिमुरडी, पहिल्या बाकावरची, सगळी गोष्ट शांतपणे ऐकून म्हणाली, "मग गाईने रात्री कुठे खाल्लं?" सगळे हसले, मीही. पण खरंच, तिच्या जेवणाच्या ताटात बाळ आहे! गंमत म्हणजे शुभवर्तमानात बाळाजवळ गाय नाही, बैल नाही, गाढव नाही, एकही जनावर नावाने आलेलं नाही, फक्त गव्हाणी आहे. नाताळच्या देखाव्यात बैल आणि गाढव आले ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून, तिथे देव तक्रार करतो की बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला आपल्या मालकाची गव्हाणी कळते, पण माझ्या लोकांना कळत नाही. हे माहीत असलं की देखाव्यातलं ते मातीचं गाढव एवढं गोंडस वाटत नाही, ते आपल्याला टोमणा मारत उभं असतं. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचोमध्ये नाताळच्या रात्री खराखुरा बैल, खरं गाढव आणि वाळलेला चारा आणून गव्हाणी मांडली, कारण त्याला ती अडचण डोळ्यांनी बघायची होती, तान्ह्या बाळाला काय काय कमी पडलं ते. आपण त्याच्या नावाने गव्हाणी मांडतो आणि कमी काय पडलं तेवढं सोडून बाकी सगळं ठेवतो, चमकी, दिवे, कापसाचा बर्फ. (कापूस मलाही आवडतो, ते जाऊ दे.)

अडचण नको ही हौस फार जुनी आहे म्हणा. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाचा गृहस्थ होता, त्याला ख्रिस्त हवा होता पण बाळंतपण नको होतं. त्याने आपल्यापुरतं जे शुभवर्तमान ठेवलं त्यात जन्माची गोष्टच नाही, ख्रिस्त एकदम मोठा होऊनच येतो, ना गर्भ, ना नाळ, ना रडणं, ना बाळंती. त्यावर टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्याला चांगलंच फैलावर घेतलंय, गर्भातलं रक्त, पाणी, घाण, सगळं नाव घेऊन लिहितो, आणि मुद्दा असा की ख्रिस्ताने माणसावर प्रेम केलं तर माणूस ज्या रीतीने जन्मतो त्या रीतीवरही प्रेम केलं, एक ठेवून दुसरं गाळता येत नाही. कुठलंही बाळंतपण जवळून बघितलेल्या बाईला हे पटायला टर्टुलियन लागत नाही. देवाला भूक लागली, देवाला लंगोट बदलावा लागला, त्याची मान कुणीतरी सावरून धरली! हे वाक्य लिहितानाही हात जरा थबकतो, आणि देहधारण देहधारण म्हणतो ते हेच.

गरिबीचंही जरा नीट बघायला हवं. मरियेचा नवरा योसेफ भिकारी नव्हता, हाताला कसब असलेला कारागीर होता. पण ऐपत किती ते लूक एका वाक्यात सांगून जातो. मुलगा झाल्यावर चाळीस दिवसांनी शुद्धीकरणाचं अर्पण द्यायचं, नियमशास्त्राप्रमाणे एक वर्षाचं कोकरू आणि एक पारवा किंवा होला, आणि कोकरू परवडत नसेल तर होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिलं चालतात. मरिया-योसेफ यरुशलेमला ती दोन पाखरंच घेऊन गेले. म्हणजे मंदिरात रांगेत उभं राहिल्यावर हातातल्या पिंजऱ्याकडे बघूनच पुढच्या-मागच्यांना कळलं असेल की यांचं कसं काय चाललंय. ज्याने कधी सवलतीच्या रांगेत उभं राहून फॉर्म भरलाय त्याला ही नजर माहीत असते. मला गव्हाणीपेक्षाही हे जास्त लागतं, कारण गव्हाणी एका रात्रीची अडचण असू शकते, पण ही पाखरं म्हणजे घरची परिस्थिती.

मात्र यावरून "प्रभूसुद्धा गरीब होता, तुम्ही कुरकुर करू नका" असं जे गरिबालाच ऐकवलं जातं ना, त्याची मला मनापासून चीड येते. ज्या बाईने ती पाखरं नेली तिनेच काही महिन्यांपूर्वी गायलेलं आहे की देवाने अधिपतींना आसनांवरून ओढून काढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना चांगल्या पदार्थांनी तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं. हे गप्प बसायला सांगणारं गाणं आहे का? हेरोदाला बरोबर कळलं होतं, म्हणून तर तो एका तान्ह्या बाळाला घाबरून तलवारी घेऊन माणसं पाठवतो आणि या तिघांना इजिप्तला पळावं लागतं. गव्हाणी निरुपद्रवी असती तर सैनिक कशाला लागले असते?

औगुस्ताचं नाव लूकने या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत घेतलंय तेही उगाच नसावं असं मला वाटायला लागलंय. इसवी सनापूर्वी ९ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे, आजच्या तुर्कस्तानात प्रीने इथे सापडलेला, त्यात औगुस्ताला तारणारा म्हटलंय, त्याचा जन्मदिवस जगासाठी सुवार्तेची सुरुवात म्हटलंय आणि त्या दिवसापासून वर्ष मोजायचं ठरवलंय. म्हणजे तारणारा, जन्म, सुवार्ता हे सगळं आधीच एकाने बुक करून ठेवलेलं होतं! आणि त्याच माणसाच्या एका हुकुमापायी दिवस भरलेली बाई नाझरेथहून बेथलेहेमला निघालीय, आणि देवदूत तेच सगळं उचलून गव्हाणीतल्या पोराला लावतो. मेंढपाळांना यातलं राजकारण किती कळलं कोण जाणे, पण नावनिशी म्हणजे कर हे त्यांना नक्की कळत असणार.

बेथलेहेमच्या जन्ममंदिराचं दार जेमतेम चार फुटांचं आहे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, त्याला नम्रतेचं दार म्हणतात आणि प्रवचनं करणाऱ्यांना तो आयताच दृष्टांत मिळालाय. पण दार बुजवून लहान केलं ते कुणी घोड्यावरून किंवा गाडी घेऊन आत शिरू नये म्हणून, असं सांगतात. मला ते कारण जास्त आवडतं. घोडा बाहेर ठेवा, एवढंच.

बरं, आता मुलांच्या नाटकाचं. आपल्या नाटकात दरवर्षी एक सराईवाला असतो, मिशी लावलेला, खेकसून "जागा नाही!" म्हणणारा, आणि सगळी चर्च त्याच्यावर मनातून चिडते. आज तीनदा वाचून बघितलं, लूकमध्ये हा माणूस नाहीच. कुणी हाकललेलं नाही, कुणी दार आपटलेलं नाही, फक्त उतारशाळेत त्यांच्यासाठी जागा नव्हती एवढंच आहे. गर्दी होती, सगळे आपापल्या जागी झोपलेले होते, आणि कुणालाच आपण काही वाईट करतोय असं वाटलं नसेल. हे खेकसण्यापेक्षा वाईट आहे, कारण यात मीही बसते. तर सराईवाला यंदा कट. त्या पोराने मिशी आधीच आणून ठेवलीय, रडेल, म्हणून त्याला औगुस्ताचा हुकूम वाचणारा सरकारी माणूस करते, तो लूकमध्ये आहे निदान हुकमाच्या रूपाने, आणि खेकसायलाही मिळेल. त्याच्या आईला उद्या फोन करून सांगायला हवं.