आजीने गाव सोडलं नाही, पण धर्मप्रांत मात्र तीन बघितले

माझ्या भाच्याचं लग्न ठरलं, मुलगी मालाडच्या ऑर्लेमची आणि आम्ही वसईचे. आता आमच्या कॅथलिक लोकांत लग्न ठरलं की हॉल आणि बँडच्या आधी कागदपत्रं येतात. बाप्तिस्म्याचा नवीन दाखला काढायचा, जुना चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला लागतो, कारण बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये तुमच्या नावाच्या बाजूला समासात पुढच्या सगळ्या नोंदी होत जातात, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) कधी झालं, लग्न कुठे झालं, कुणाशी झालं. दाखला ताजा असला की कळतं की बाबा ह्याचं आधी कुठे लग्न झालेलं नाहीये. मग दोन्हीकडच्या चर्चमध्ये रविवारी नावं वाचणार, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. मुलगा एका धर्मप्रांतातला, म्हणजे एका बिशपच्या हद्दीतला, मुलगी दुसऱ्या, त्यामुळे कागद एकीकडून दुसरीकडे जाणार.

तर दाखला आणायला भाच्याबरोबर मीही गेले होते. काम झाल्यावर मी फादरना विचारलं की माझ्या आजीची नोंद बघायला मिळेल का, १९२६ सालची. त्यांनी कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं, कडा पिवळ्या झालेल्या, शाई तपकिरी पडलेली, पान उलटताना खालून हात लावावा लागत होता. आणि आजीची नोंद होती पोर्तुगीजमध्ये! वळणदार अक्षर, आजीचं नाव, आईबापाचं, मायबाप म्हणजे गॉडपेरेंट्सचं, आणि वरती धर्मप्रांताचं नाव काय, तर दमण. मी दोनदा वाचलं. आमच्या वसईचा दमणशी काय संबंध? समासात मात्र तिच्या लग्नाची नोंद इंग्रजीत होती, १९४६ची, तोपर्यंत आम्ही मुंबईचे झालो होतो. आणि २००४ मध्ये आजी गेली तेव्हा आम्ही वसई धर्मप्रांत होतो. म्हणजे बाई जन्मली त्याच्या शेजारच्या आळीत लग्न होऊन गेली, आयुष्यभर वाडीत केळी आणि पानवेली केल्या, गाव कधी सोडलं नाही, आणि तीन धर्मप्रांतांत राहिली. तेव्हापासून मी मुंबई महाधर्मप्रांताचा, म्हणजे आर्चबिशप ह्या मोठ्या बिशपच्या धर्मप्रांताचा, इतिहास जमेल तसा वाचत बसलेय, तो इथे लिहितेय, कारण आमच्यातल्याच पुष्कळ जणांना हे माहीत नाही आणि बाहेरच्यांना तर कॅथलिक म्हणजे सगळे गोव्याचेच वाटतात.

सुरुवात पोर्तुगिजांपासून. १५३४ला वसई आणि मुंबईची बेटं त्यांच्याकडे आली. त्यांच्या राजाचा रोमशी करार होता, त्याला पाद्रोआदो म्हणतात. म्हणजे मिशनचा खर्च राजा करणार, चर्चेस राजा बांधणार, आणि बदल्यात बिशप कोण असावा हे राजा सुचवणार. त्यामुळे इथली सगळी चर्चेस गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखाली. पण हळूहळू रोमला हे खटकायला लागलं, राजाकडे माणसं पुरत नव्हती आणि त्याचा अंमल नाही तिथेसुद्धा हक्क सांगत होता. मग १६२२ मध्ये रोमने स्वतःचं एक खातं काढलं, प्रोपागांडा फिदे, थेट पोपच्या हुकमाखाली. आणि इथे पाठवलेला त्यांचा पहिला माणूस कोण, तर गोव्याच्या दिवाडी बेटावरचा मातेउस द कास्त्रो. १६३७ला तो बिशप झाला, विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी. गोव्यातल्या पोर्तुगीज मंडळींनी त्याला शेवटपर्यंत मानलं नाही, त्याने मग हद्दीबाहेर डिचोलीत बस्तान बसवलं. मुंबईच्या आर्चबिशपच्या गादीचं मूळ शोधत गेलं की ह्या दिवाडीच्या माणसापर्यंत जाऊन पोचतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि ती आपल्या कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

१६६१ला इंग्लंडच्या राजाचं पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरलं, त्या करारात मुंबई इंग्रजांना आंदण गेली हे सगळ्यांना माहीत असतं. पण बेट इंग्रजांचं आणि पाद्री पोर्तुगिजांचे, हे इंग्रजांना फार काळ सोसणारं नव्हतंच. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन संघाच्या पाद्र्यांना बेटावरून घालवलं आणि रोमच्या बाजूच्या कार्मेलाइट संघाच्या फादरांना बोलावलं. तिथून पुढे जवळजवळ दोनशे वर्षं मुंबईत एकाच धर्माचे, एकाच पोपला मानणारे, एकाच भाषेत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करणारे दोन कारभार शेजारी शेजारी चालले. मधे कंपनी सरकारने सगळं परत गोव्याला देऊन बघितलं, मग परत काढून घेतलं, आणि १७९४ मध्ये सरळ वाटणी केली, भावाभावात घर वाटतात तशी. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्वासाव गोव्याकडे, एस्प्लनेड म्हणजे किल्ल्यासमोरच्या मोकळ्या मैदानातलं एस्पेरांसा आणि माहीमचं सेंट मायकल रोमच्या माणसांकडे.

दादरला गोखले रोडवर बस कंडक्टर आजही "पोर्तुगीज चर्च" म्हणून ओरडतो ना, ते हे साल्वासाव. आताची इमारत चार्ल्स कोरियांची, १९७०च्या दशकातली, तिच्यात पोर्तुगीज काहीच नाही, पण नाव टिकलं. आणि एस्पेरांसाचं चर्च किल्ल्याला अडचण होते म्हणून इंग्रजांनी पाडलं, ते मग भुलेश्वरला कावेलमध्ये उभं राहिलं आणि बरीच वर्षं बिशपचं मुख्य चर्च तेच होतं. जुन्या जागेची आठवण म्हणजे क्रॉस मैदानातला क्रूस, ज्याच्यावरून मैदानाला नाव पडलं. आताचं कथीड्रल कुलाब्याचं होली नेम, १९०५चं.

वाटणी झाली तरी भांडण मिटलं नाही. १८५३ मध्ये माहीमच्या लोकांनी ठरवलं की आम्हाला परत गोव्याकडे जायचंय. तेव्हा रोमच्या बाजूचे बिशप होते अनास्तासियुस हार्टमन, स्विस, कापुचिन संघाचे. ते आपली माणसं घेऊन सेंट मायकलमध्ये जाऊन बसले, मेलो तरी चर्च सोडणार नाही म्हणून. बाहेर पाद्रोआदोवाल्यांचा वेढा. असे जवळजवळ पंधरा दिवस. बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला आज जिथे सगळ्या जातीधर्माची माणसं मेणाचे हात, पाय, घरं घेऊन रांगेत उभी असतात ना, त्याच आवारात! शेवटी सरकार मधे पडलं आणि चर्च पाद्रोआदोला मिळालं. ह्या हार्टमनना लोक हट्टी म्हणतात, पण 'एक्झामिनर' हे साप्ताहिक १८५०ला त्यांनीच सुरू केलं आणि ते अजून निघतं, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. त्यांच्याच काळात जेझुइट संघाचे फादर मुंबईत आले, मग १८६९ला सेंट झेवियर्स कॉलेज.

आता वसईकडे येते. आमच्याकडे १७३९ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले. नाशिकला नारोशंकराची घंटा बघितली असेल, ती वसईच्या चर्चची. पण तहात ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक मिळाली आणि काही चर्चेस राहिली, ती देशी पाद्र्यांनी सांभाळली, गोव्याच्या हाताखाली. मोठा बदल झाला १८८६ मध्ये. पोप लिओ तेरावे आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, रोमची बाजू सांभाळणारी मुंबई महाधर्मप्रांत झाली, पहिले आर्चबिशप जॉर्ज पोर्टर हे जेझुइट. आणि पाद्रोआदोची वसई, साष्टीकडची (म्हणजे आताची उपनगरं आणि ठाणे) आणि मुंबईतली चर्चेस मिळून वेगळा दमण धर्मप्रांत काढला. म्हणून आजीच्या नोंदीवर दमण!

ह्याच धामधुमीत आणखी एक झालं. १८८७ला राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षी इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, कारण पोर्तुगीज ख्रिश्चन म्हणून नोंद झाली की नोकरीत गोव्यातून येणाऱ्यांत आणि आपल्यात फरकच राहायचा नाही. आमची कोळी, कुपारी, वाडवळ माणसं, बोली मराठीची, आणि नाव ईस्ट इंडियन, अजूनही कुणाला सांगितलं की समोरचा गोंधळतो.

पहिल्या महायुद्धात महाधर्मप्रांताचे फार हाल झाले. फादर बहुतेक जर्मन जेझुइट, आणि जर्मनी म्हणजे शत्रू, त्यामुळे इंग्रजांनी त्यांना आधी नजरकैदेत टाकलं आणि मग जहाजात बसवून परत पाठवलं. शाळा, कॉलेज, चर्च सगळीकडे माणसांची टंचाई. पुढे स्पेनचे जेझुइट आले, इतिहासकार फादर हेरास त्यांतलेच.

१९२८ला रोम आणि पोर्तुगालचा नवा करार, दमण धर्मप्रांत मोडून त्याची चर्चेस मुंबईत मिसळली. आजी दोन वर्षांची असताना मुंबईकर झाली म्हणायची. पण करारात एक कलम असं की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. भारतीय नाहीच! १९२८ला, जेव्हा बारडोलीत सत्याग्रह चालला होता! त्याप्रमाणे पोर्तुगीज योआकिम लिमा झाले, मग १९३७ला इंग्रज थॉमस रॉबर्ट्स.

आणि ह्या रॉबर्ट्स साहेबांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी ओळखलं की ही गादी आता भारतीय माणसाची आहे. पण ते राजीनामा देते तर करारानुसार पाळी पोर्तुगिजाची आली असती. मग त्यांनी काय केलं, १९४६ला वालेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप करून घेतलं, कारभार त्यांच्या हातात दिला आणि स्वतः मुंबईतून निघून गेले, नावाला आर्चबिशप राहून. चार वर्षं असं चाललं. इकडे देश स्वतंत्र झाला, १९५०च्या जुलैत पोर्तुगालने हक्क सोडला, तेव्हा रॉबर्ट्सनी रीतसर राजीनामा दिला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ला ते भारताचे पहिले कार्डिनल, म्हणजे पोप निवडणाऱ्यांतले एक. खुर्ची सोडायची तीसुद्धा अशा बेताने की ती योग्य माणसालाच मिळावी, असं करणारी माणसं कमी असतात.

१९६४ला युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचं जागतिक अधिवेशन, ओव्हल मैदानावर, पोप पॉल सहावे आले होते. आजी वसईहून पहाटेच्या गाडीने गेली होती, लाल लुगडं नेसून. तिला पोप दिसले ते गर्दीतून, पांढरा ठिपका एवढेच, पण ते ती शेवटपर्यंत सांगायची. ग्रेशियसांनंतर सायमन पिमेंटा, मरोळचे, आमच्यातले, मराठी बोलणारे. ते आर्चबिशप झाले तेव्हा आजीने म्हणे घरात सांदणं केली.

कारभार कसा चालतो ते थोडक्यात सांगते, कारण लोक विचारतात. सगळ्यात खाली धर्मग्राम म्हणजे पॅरिश, तिथे प्रमुख धर्मगुरू, बरोबर एखाद-दोन सहायक फादर, आणि लोकांमधून पॅरिश कौन्सिल आणि हिशेबाला फायनान्स कमिटी. गल्लीबोळात छोटे ख्रिस्ती समूह, वीस-पंचवीस घरांचे, हे मुंबईत १९८०च्या दशकात रुजले, आजारी कोण, कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे फादरच्या आधी ह्यांना कळतं. काही पॅरिश मिळून एक डीनरी, तालुक्यासारखी. वर आर्चबिशप, मदतीला सहायक बिशप, आर्चबिशपच्या वतीने कारभार बघणारा व्हिकार जनरल, दप्तर सांभाळणारा चान्सलर, लग्नाच्या खटल्यांसाठी न्यायमंडळ, शाळांसाठी वेगळं शिक्षण मंडळ, फादर घडवायला गोरेगावची सेमिनरी. हद्द मुंबई, उपनगरं, ठाणे, रायगड अशी पसरलेली, आणि कॅथलिक पाच लाखांच्या आसपास. मिस्सा इंग्रजी, कोकणी, मराठी, तामिळ, मल्याळम अशा कितीतरी भाषांत. गोराई, मनोरी, उत्तनला जाऊन मराठी मिस्सेतली गाणी ऐका एकदा, अख्खं चर्च गातं.

आणि एक गैरसमज असतो की आर्चबिशप म्हणजे बाकी बिशपांचा साहेब. तसं नाही. पुणे, नाशिक, वसई हे धर्मप्रांत मुंबईच्या प्रांतात, म्हणजे गटात येतात खरे, पण प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतात स्वतंत्र आणि थेट पोपला जबाबदार. आर्चबिशपकडे मान असतो, खांद्यावर मेंढीच्या लोकरीचा पांढरा पट्टा असतो, पालियम, आणि लग्नाच्या खटल्यात वसईच्या निकालावर अपील करायचं तर ते मुंबईला जातं, असं ते नातं.

वसई वेगळी झाली २२ मे १९९८ला. बिशप थॉमस डाबरे, पापडीचं चर्च कथीड्रल झालं. तेव्हा मी तरुण होते, आम्हाला वाटलेलं मुंबईचं नाव गेलं, आता आपल्याला कोण विचारणार. वडील मात्र खूश. ते म्हणाले, "अगं, आता बिशपशी मराठीत बोलता येईल, काम असेल तर कुलाब्याला जायला नको, सायकल काढली की झालं." आणि झालंही तसंच. पुढे आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वडील असायला हवे होते असं फार वाटलं.

मुंबईत पिमेंटांनंतर इव्हान डायस आले, वांद्र्याचे. २००६ला पोपने त्यांना रोमला बोलावलं आणि कुठलं खातं दिलं, तर तेच, प्रोपागांडा फिदे, आता नाव बदललेलं. ज्या खात्याने दिवाडीच्या कास्त्रोला पाठवलं, ज्याच्यासाठी हार्टमन माहीमला कोंडून घेऊन बसले, त्याच्या प्रमुखाच्या खुर्चीवर वांद्र्याचा माणूस. हे वाचलं तेव्हा मी उठून नवऱ्याला सांगायला गेले. त्यांच्यानंतर ऑस्वाल्ड ग्रेशियस, माहीममध्येच जन्मलेले, आणि जानेवारी २०२५ पासून आर्चबिशप जॉन रॉड्रिग्स.

भाच्याचा दाखला ऑर्लेमला पोचला, नावं वाचून झाली. लग्न झाल्यावर तिकडून आमच्या चर्चला कळवतील आणि फादर रजिस्टर उघडून त्याच्या नावापुढे समासात लिहितील, मालाड, मुंबई महाधर्मप्रांत. आजीच्या नोंदीचा फोटो मी काढला नाही, फादर म्हणाले फ्लॅशने शाई उडते, मग मी वहीत उतरवून घेतली, पोर्तुगीज येत नाही तरी एकेक अक्षर बघून.