प्रिस्क्रिप्शन वाचण्यापासून लिहिण्यापर्यंत

सध्या सुट्टीवर ठाण्यात आहे. नौपाड्यात भावाचं मेडिकल आहे, तिथे बसले की कुणीतरी बी.फार्म.वाला मुलगा विचारतोच, "ताई, तिकडे फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देतो हे खरं का?" मी इंग्लंडमध्ये तेच काम करते, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

खरं आहे. तिथे २००३मध्ये फार्मासिस्टला डॉक्टरने आखून दिलेल्या चौकटीत औषध लिहायची मुभा मिळाली आणि २००६मध्ये स्वतंत्रपणे. पण आपली पदवी घेऊन गेलं की आधी ओस्पॅप नावाचा वर्षाचा कोर्स, मग ५२ आठवड्यांचं फाउंडेशन ट्रेनिंग, मग नोंदणीची परीक्षा. एवढं झालं की तुम्ही तिथले फार्मासिस्ट. प्रिस्क्रायबिंग त्याच्या पुढचं. पूर्वी त्यासाठी नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागायचा, ती अट २०२२मध्ये काढली.

कोर्स विद्यापीठाचा असतो: किमान २६ दिवसांचं शिक्षण आणि पेशंटसोबत प्रत्यक्ष ९० तास. हे ९० तास कुणाच्या हाताखाली करायचे तो अनुभवी प्रिस्क्रायबर, म्हणजे डीपीपी, आपणच शोधायचा. तो नसेल तर प्रवेश नाही. इथेच निम्मी मंडळी अडकतात. कामाने दबलेल्या डॉक्टरला तुमचं शिकवणं अंगावर घ्यायला लावायचं, तेही बहुतेकदा ओळखीवर! मी ज्या दवाखान्यात काम करत होते तिथल्या डॉक्टरबाई तयार झाल्या, पण त्याआधी ईमेलला उत्तरही न देणारे बरेच भेटले.

औषधांची माहिती हा भाग जड गेला नाही. जड गेलं ते पेशंटला हात लावणं. आम्ही मेडिकलमध्ये वाढलेली माणसं, काउंटरपलीकडच्याशी तासभर बोलू. पण त्याच्या दंडाला पट्टा बांधून स्टेथोस्कोपने बीपी ऐकायचं, छाती तपासायची, पायाची सूज दाबून बघायची, हे आम्हाला कुणी कधी शिकवलेलंच नसतं.

मी विषय घेतला ब्लड प्रेशर. कायद्याने जवळजवळ कुठलंही औषध लिहिता येतं, पण जे शिकलात त्याच्या बाहेर जायचं नाही. नियम पाठ होते: दवाखान्यात १४०/९० किंवा जास्त आलं तर चोवीस तासांचं मशीन लावायचं, त्यातली जागेपणीची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तरच निदान पक्कं. डायबिटीस असेल तर बहुधा रॅमिप्रिलच्या जातीची गोळी आधी. पण डॉक्टरबाईंचा प्रश्न ठरलेला असायचा, "आजच गोळी कशाला?" किडनीचा आणि पोटॅशियमचा रिपोर्ट आलाय का, हा माणूस दुखण्यावर रोज कुठली गोळी खातो, लोणचं-पापड किती. लिहायला शिकण्यापेक्षा हात आवरायला शिकण्यात जास्त वेळ गेला.

शेवटी लेखी काम, केस-डायरी आणि ऑस्की, म्हणजे एकेका ठिकाणी पेशंट हाताळून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा. ऑस्कीत बाकी सगळं उत्तम केलंत आणि एका ठिकाणी पेशंटला इजा होईल असं काही लिहिलंत, तर अख्खा निकाल नापास. कडक आहे, पण योग्य आहे. पास झाल्यावर जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नावापुढे नोंद होते, तेव्हा कुठे सही चालते.

परवा भावाच्या दुकानात एक काकू आल्या. "मागचंच खोकल्याचं औषध दे रे, महिना झाला जात नाही." मी विचारलं, "काकू, बीपीची गोळी कोणती घेता?" रॅमिप्रिल. या गोळीने शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साठतो आणि काहींना कोरडा खोकला लागतो, तो सिरपने जात नाही. तिकडे मीच रिपोर्ट बघून लोसार्टन या बीपीच्या दुसऱ्या गोळीवर आणलं असतं. इथे एवढंच सांगितलं की गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना खोकल्याचं सांगा. आणि त्यांच्या चिठ्ठीमागे दोन ओळी लिहून दिल्या.

त्यावर भावाचा मित्र म्हणाला, "तसंही मेडिकलवाला औषध देतोच, मग इथेही कायदा करा की!" मला ते पटत नाही. एच-वनचं रजिस्टर, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिक्स आणि सवय लावणाऱ्या औषधांच्या विक्रीची नोंद, २०१४पासून सक्तीचं आहे, ते किती ठिकाणी इमानदारीने भरलं जातं हे आपण सगळे जाणतो. तिकडे माझ्यासमोर पेशंटची पूर्ण फाईल असते, रक्ताचे रिपोर्ट असतात, आणि शक्यतो लिहिणाऱ्यानेच औषध द्यायचं नाही असा दंडक आहे. गल्ल्यावर बसलेल्याच्या हातात पेन दिलं तर कुठली ब्रँड लिहिली जाईल ते वेगळं सांगायला नको.

आणि मुलांनो, तिथे एम.फार्म. (तिकडची ती पहिलीच पदवी) करून फाउंडेशन ट्रेनिंग संपवणाऱ्यांना २०२६पासून नोंदणीबरोबरच हा अधिकार देण्याचा नियम आहे. इथून ओस्पॅपने जाणार असाल तर तुमच्या वर्षाला कुठला नियम लागतो ते कौन्सिलच्या साइटवर वाचा, एजंटला विचारू नका. वेगळा कोर्स करावा लागणार असेल तर विद्यापीठाची फी बघण्याआधी डीपीपी शोधायला लागा.