सुरीची पाठ

सहा महिने वाट बघून शेवटी लाटांच्या नक्षीची सुरी हातात आली. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आजवर हत्यारं दोनच, आईची विळी आणि एक प्लास्टिकच्या मुठीची सुरी जिला धार कधी होती हे कुणालाच आठवत नाही, त्यामुळे एका सुरीला मी किती पैसे मोजले हे कळल्यावर आई नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं" कसलं ते सांगायला नको.

बनवणारा मकरपुऱ्याकडचा, दिवसा डाय म्हणजे साचे बनवायचं काम आणि रात्री स्वतःची भट्टी. मी तीनदा जाऊन बसलो तिथे. दोन जातीचं स्टील असतं, १०९५ आणि १५एन२०, पहिल्यात कार्बन जास्त, दुसऱ्यात २ टक्क्यांच्या आसपास निकेल. १३ पट्ट्या एकावर एक रचल्या, भट्टीत पार पिवळ्याधमक केल्या, वर टाकणखार शिंपडला म्हणजे मधे पापुद्रा धरत नाही, आणि मग घण. लांब झाली की चार तुकडे करून परत रचायचे, ५२ थर, परत चार, २०८. मधे कुठे टाकणखार नाहीतर घाण अडकली आणि तेवढंच चिकटलं नाही तर सगळं भंगारात, आणि हे कळतं कधी तर बहुतेक शेवटी घासताना! माझा पहिला तुकडा असाच गेला. केसाएवढी भेग होती, मी म्हटलं चालेल हो, तर म्हणाला, "तमने चालशे, मने नहीं चाले." म्हणून सहा महिने.

धारेला पाणी दिलं म्हणतात पण बुडवतात तेलात, हे मला तिथेच कळलं. आणि नक्षी इथवर दिसतच नाही, साधं राखाडी पातं. मग फेरिक क्लोराईडमधे टाकलं, सर्किट बोर्डवाली मुलं वापरतात तेच, कार्बनवालं काळं पडलं, निकेलवालं चकचकीत राहिलं, आणि लाटा वर आल्या. मी येड्यासारखा हसत होतो.

याला सगळे दमास्कस म्हणतात पण जुन्या तलवारींचं मूळ दमास्कस पोलाद वेगळं, ते आपल्या दक्षिणेतलं उक्कू, मातीच्या बंद मुशीत वितळवलेलं, त्याची नक्षी धातू हळूहळू थंड होताना आतूनच यायची, थर बिर काही नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळतात त्यातल्या बऱ्याच सुऱ्यांवर तर नक्षी नुसती वरवर छापलेली. ओळखायचं असेल तर पाठ बघा, रेघा एका बाजूने येऊन पाठीवरून दुसरीकडे उतरल्या पाहिजेत.

पण पाठीचं खरं काम वेगळंच. बोट टेकतं तिथली कड त्याने गोल घासलीय, मुठीपाशी जाड आणि टोकाकडे निमुळती होत गेलीय, शिसमाची मूठ आणि लोखंड यांच्यात नख शिरत नाही. याचे त्याने वेगळे पैसे लावले नाहीत, बोललाही नाही. घरी येणारा प्रत्येक जण मात्र लाटांचेच फोटो काढतो.

परवा कांदा चिरून मी तशीच ठेवली तर अर्ध्या तासात निळसर डाग. पुसून तेल लावत बसलो होतो, आईने हातातून घेतली, धार बघितलीच नाही, पाठीवरून अंगठा फिरवला. "इथे छान घासलंय रे, बोटाला लागत नाही."

आणि विळी घेऊन गवार चिरायला बसली.