जोसेफिन बेकरच्या मागोमाग: पॅरिसमधली चार थिएटरं

अमेरिकेतून पॅरिसला आलेली कृष्णवर्णीय कलावंत जोसेफिन बेकर म्हटलं की केळ्यांचा घागरा आठवतो आणि गाणं राहून जातं. पण तिची पॅरिसमधली थिएटरं क्रमानं पाहिली, की अंगविक्षेपांनी हसवणारी नर्तकी गायिका कशी झाली ते नीट लक्षात येतं. चारही ठिकाणं मेट्रोनं एका दिवसात होतात. फक्त ही थिएटरं म्हणजे संग्रहालयं नव्हेत. आत जायचं तर संध्याकाळच्या कार्यक्रमाचं तिकीट आधी काढून ठेवा, नाहीतर दर्शनी भागावर समाधान माना.

सुरुवात 9 नंबरच्या मेट्रोनं, अल्मा-मार्सो स्थानकापासून. तेआत्र दे शाँझेलिझे त्या प्रसिद्ध रस्त्यावर नाही, अव्हेन्यू माँतेनवर आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं नाव सांगू नका. 2 ऑक्टोबर 1925 ला इथे ‘रेव्ह्यू नेग्र’ लागला: कथानक नाही, नाच, गाणी आणि नकला एकामागून एक. वाद्यवृंदात जॅझ वादक सिडनी बेशे होता. जोसेफिन तेव्हा 19 वर्षांची. न्यूयॉर्कच्या ‘शफल अलाँग’ या संगीत नाटकानं आधी वय कमी म्हणून तिला नाकारलं होतं, मग त्याच्याच दौऱ्यावरच्या कंपनीत ती कोरसच्या टोकाला उभी राहून मुद्दाम पावलं चुकवायची आणि लोक तिलाच बघायचे. पॅरिसला हसू कमी आणि उघडं अंग जास्त हवं होतं. त्या कौतुकात वसाहतवादी नजर किती होती, हा विचार मला तिथे टाळता आला नाही.

तीच मेट्रो थेट ग्राँ बुलव्हारला नेते. तिथून चालत र्‍यू रिशेर, फोली बर्जेर. केळ्यांचा घागरा तिनं इथेच घातला. दारावरची सोनेरी नर्तकी 1926 ची, म्हणजे त्या घागऱ्याच्याच वर्षातली. समोरच्या फुटपाथवरून फोटो चांगला येतो. मी इथे फार रेंगाळलो नाही.

खरं थांबायचं ते कासिनो द पारीपाशी, र्‍यू द क्लिशीवर. चालत वीस-पंचवीस मिनिटं. नावावर जाऊ नका, इथे जुगार चालत नाही. परदेश दौरा करून परतलेली जोसेफिन 1930 मध्ये इथल्या ‘पारी की रम्यू’त आली. आता कपडे भरजरी, सोबत चिकिता नावाचा चित्ता, आणि मुख्य म्हणजे व्हँसाँ स्कोतोनं चाल दिलेलं गाणं, ‘जे दझामूर’: दोन प्रेमं, एक माझा देश आणि दुसरं पॅरिस. आवाज बारीक, उंच; ताकदीचा म्हणता येणार नाही. पण शब्द असे अलगद सोडते की फ्रेंच न येणाऱ्यालाही ओळ कळावी. हेडफोन लावून हे ध्वनिमुद्रण तिथेच ऐका. समोरचा रस्ता गोंगाटाचा आहे, तरी ऐकाच. 1936 ला न्यूयॉर्कच्या झिगफेल्ड फोलीज या रेव्ह्यूत समीक्षकांनी याच बाईला झोडपलं. त्या दोन प्रेमांपैकी पहिल्यानं तिला कधीच नीट वागवलं नाही.

जवळच्या लिएझ स्थानकातून 13 नंबरची मेट्रो घ्या. ती न बदलता गेते–जोसेफिन बेकरला सोडते. स्थानकाला तिचं नाव 2021 मध्ये जोडलं. इथल्या बोबिनो थिएटरात 8 एप्रिल 1975 ला तिच्या शेवटच्या रेव्ह्यूचा शुभारंभ झाला, 12 तारखेला ती गेली. जुनं सभागृह मात्र पाडलंय, आजचं नवं आहे. जेवायला हीच गल्ली बरी.

पाय शाबूत असतील तर पाँतेऑँ, फ्रान्सच्या थोरांचं स्मारक: एदगार किनेहून 6 नंबरनं दाँफेर-रोशरो, पुढे ‘बी’ लोकलनं लुक्साँबूर. म्युझियम पास चालतो. तिचं स्मारक तळघरात आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. तिथल्या शवपेटीत देह नाही, सेंट लुईस (तिचं जन्मगाव), पॅरिस, मिलाँद (तिचा वाडा होता ते गाव) आणि मोनॅको इथली माती आहे. दफन मोनॅकोतच आहे.

पोशाख पाहायचे असतील तर दोर्दोन्यमधला तिचा मिलाँदचा वाडा गाठा. सार्लापर्यंत रेल्वे आहे, पुढे गाडी भाड्यानं घेतलेली बरी. हिवाळ्यात तो बराच काळ बंद असतो, तेव्हा तारखा पाहूनच निघा.