पऱ्यावरचा उजेड

रविवार, ८ जून २०२५

आज त्याला आधी आईने पाहिलं. मागच्या पडवीत, पऱ्याकडे (म्हणजे ओढ्याकडे) तोंड करून तांदूळ निवडत बसली होती, एकदम म्हणाली, "अगं, पऱ्यावरून लाल काहीतरी गेलं बघ." मी पोचेपर्यंत काही नव्हतं, पण शीळ ऐकू आली. बारीक, धारदार, पागोळ्यांच्या आवाजातूनही वेगळी कळणारी. तिबोटी खंड्या, इवलासा पक्षी. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, म्हणजे यांचं घरट्याचं बीळ कोरून कधीच झालं असणार.

दुपारी साकवावर, म्हणजे पऱ्यावरच्या छोट्या पुलावर, जाऊन पाहिलं. समोरच्या दरडीत, आंब्याच्या उघड्या मुळांच्या खाली, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं भोक आहे आणि त्याच्या तोंडाशी ताजी माती. साकवावरून आम्ही रोज जातो-येतो, त्यामुळे तिथे माणूस उभं राहिलं तरी ती जोडी बिचकत नाही. पण त्यापुढे एक पाऊलही टाकायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय. अंतर वीस मीटर धरायला हरकत नाही.

आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. वीस मीटरवर, त्या अंधारात, तेरा सेंटिमीटरचा पक्षी तिला काय दिसणार! तिला एवढंच कळतं की काहीतरी तांबूस हललं. म्हणाली, "टीव्हीवर मोठा करून दाखव ना, त्या रोहितांसारखा." भिगवणला काढलेले रोहित पक्ष्यांचे फोटो तिने अनेकदा पाहिलेत. पण ते ज्या सुपरझूमने, म्हणजे लांबचं खूप जवळ आणणाऱ्या, अंगच्या लेन्सच्या कॅमेऱ्याने काढले, तो गेल्या पावसाळ्यात बिघडला. चूक माझी होती. भिजलेला कॅमेरा तसाच पिशवीत ठेवला आणि लग्नाला गावाला गेले. आठवड्याने पाहिलं तर लेन्सच्या आत बुरशीचं जाळं. लेन्स अंगचीच, काढून साफ करता येईना. तेव्हापासून हात रिकामे आहेत.

शनिवार, १४ जून

परवापासून शाळा. त्याआधी हा विषय मार्गी लावायचा म्हणून शाळेतल्या एका बाईंचा सुपरझूम मागून आणला. छोटा, हलका, ६१० ग्रॅम, ६५ पट झूम. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने २१ पासून १३६५ मिलिमीटरपर्यंत एकाच लेन्समध्ये. मला असाच कॅमेरा पुन्हा घ्यायचा होता. सवय आहे, खिशालाही परवडतो.

सकाळी साडेसात ते साडेनऊ साकवावर. आई छत्री धरून मागे स्टुलावर. आठच्या सुमारास तो मुळावर येऊन बसला आणि मान वरखाली करत राहिला. जांभळट पाठ, पिवळं पोट, तांबडी चोच. झूम पूर्ण ताणला तर पक्षी चौकटीत छान मोठा आला. मी पटापट दाबत सुटले.

घरी येऊन मोठे करून पाहिले आणि मन खट्टू झालं. पक्षी मोठा आहे, पण पिसं नाहीत. पाठीवरचा जांभळा रंग ओल्या कागदावर शाई फुटावी तसा पसरलाय. डोळ्यातली चमक म्हणजे एक पांढरट डाग. आकडे पाहिले: छिद्र (उजेड आत येण्याचं तोंड; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ ६.५, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) ३२००, शटर सेकंदाचा पंचविसावा भाग. मान हलवणारा पक्षी एवढ्या वेळात कसला स्थिर राहतो!

भिगवणला हे कधी जाणवलं नाही, कारण उजनीच्या पाण्यावर आभाळभर ऊन असतं. तिथे अडचण असते ती अंतराची. इथे अडचण उजेडाची आहे. वर आंबा, फणस, त्यावर ढग, त्यावर पाऊस. बाईंच्या कॅमेऱ्याचा यात काही दोष नाही. त्याचा सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी चकती, साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरची, करंगळीच्या नखाएवढाही नाही. त्यावर पडून पडून किती उजेड पडणार?

रविवार, २२ जून

चिपळूणचे दादा आज मुद्दाम आले. ते पंधरा वर्षं पक्षी पाहतायत. पूर्वी मोठा आरशाचा कॅमेरा घेऊन फिरायचे, आता मिररलेस: कॅननचा आर१० आणि त्याला १००-४०० मिलिमीटरची लेन्स. मिररलेस म्हणजे आत हलणारा आरसाच नाही, सेन्सरवर जे दिसतं तेच थेट डोळ्यापुढच्या छोट्या पडद्यावर. असा पहिला कॅमेरा २००८ साली पॅनासॉनिकने काढला, आणि आता तर कंपन्यांचं बहुतेक नवं काम यातच चाललंय. बॉडी-लेन्स मिळून एक किलोच्या जरा वर. मला हातात जड नाही वाटला.

त्याचा सेन्सर बाईंच्या कॅमेऱ्याच्या जवळजवळ बारापट क्षेत्रफळाचा. आणि तो पक्ष्याचा डोळा आपण होऊन पकडतो. तिबोटी मुळावर बसला की पडद्यावर एक इवला चौकोन नेमका डोळ्यावर जाऊन बसतो, मान हलली की चौकोनही हलतो. मी अवाक झाले. फोकस चुकण्याची माझी निम्मी धडपड संपली असती.

आयएसओ १२,८०० ठेवला, शटर साठावा भाग. फोटोत पक्षी लहान आहे, कारण ही लेन्स त्याच फिल्मच्या हिशेबाने ६४० मिलिमीटरइतकीच लांब पोचते, बाईंच्या कॅमेऱ्याच्या निम्मी. वीस मीटरवर चौकटीची रुंदी एक मीटरच्या जरा वर, त्यात पक्षी नवव्या हिश्शाएवढा. पण तो कापून मोठा केला तर पाठीवरचं पीस न् पीस सुटं दिसतंय! चोचीच्या बुडाशी चिकटलेला मातीचा कणसुद्धा. लहान पण खरा पक्षी. त्या दिवशीचा मोठा होता, पण पुसट होता.

मग मिररलेसच घ्यायचा, असं मी जाहीर करून टाकलं. दादा म्हणाले, "ताई, घाई करू नका. माझी लेन्स लांब टोकाला एफ ८ आहे. बॉडी चांगली आहे म्हणून निभावतं. उजेड बॉडीतून येत नाही, पुढच्या काचेतून येतो."

ते गेल्यावर हे वाक्य घेऊन वही-पेन्सिलीने बसले. लेन्सची खरी लांबी भागिले एफचा आकडा, म्हणजे तोंडाची रुंदी. ४०० भागिले ८, म्हणजे ५० मिलिमीटर. एवढ्या रुंद तोंडातून दादांच्या कॅमेऱ्यात उजेड शिरतो. बाईंच्या कॅमेऱ्याची लेन्स खरी २४७ मिलिमीटरची, भागिले ६.५, म्हणजे ३८. तोही झूम पूर्ण ताणल्यावर; आखडता घेतला की हे तोंड आणखी लहान होत जातं. मग सहज म्हणून सोनीच्या आरएक्स१० मार्क ४ चा हिशेब मांडला. तोही सुपरझूमच, लेन्स न निघणारी, पण सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, आणि पूर्ण ताणल्यावरही एफ ४. खरी लांबी २२० भागिले ४. पंचावन्न!

दोनदा करून पाहिलं. बरोबर आहे. म्हणजे आमच्या पऱ्यावर, याच अंधारात, तो सुपरझूम दादांच्या मिररलेसइतकाच, किंबहुना कणभर जास्तच उजेड घेईल. सेन्सर दादांच्या एक तृतीयांश, पण लेन्सने ते भरून काढलंय. इतके दिवस मी मिररलेस की सुपरझूम असंच घोकत होते आणि सगळेजण मला तसंच विचारत होते. पुढची काच किती रुंद, हे कोणी विचारलंच नाही.

शुक्रवार, २७ जून

चार दिवस झोप नीट नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत म्हणून त्रास होतो.

मिररलेस घेतला तर पुढे कधी जास्त उजेड घेणारी लेन्स घेता येईल. आणि लेन्समध्ये बुरशी धरलीच, तर लेन्स जाईल, बॉडी राहील. अंगची लेन्स गेली की सगळाच कॅमेरा जातो, हे मी भोगलंय. डोळा पकडणारा तो चौकोन आरएक्स१० मध्ये पक्ष्यांसाठी नाही. वजनात फरक नाही, तोही किलोच्या वरच.

दुसऱ्या बाजूला आमचा पाऊस. एका लेन्सने माझं भागणार नाही: दरडीवरचं शेवाळ, साकवावरची मुलं, पडवीतली आई, सगळंच मला काढायचं असतं. म्हणजे लेन्स बदलणं आलं, आणि जून ते सप्टेंबर आमच्या हवेत कॅमेऱ्याचं तोंड उघडणं म्हणजे ओल आत बोलावणं. आरएक्स१० त्याच फिल्मच्या हिशेबाने चोवीसपासून सहाशे मिलिमीटरपर्यंत न उघडता जातो, शिवाय धूळ-ओलाव्यापासून थोडंफार संरक्षणही आहे. भर पावसात धरायचा नाहीच, पण शिंतोड्यांनी जीव घाबरा होणार नाही. दादांच्या जोडीला तेही नाही.

पैसे हा विषय लिहीत नाही. दोन्हींपैकी कुठलाही नवा घ्यायचा तर लाखाच्या वर. आरएक्स१० २०१७ चा आहे, वापरलेला मिळू शकतो.

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुला पावसात नेता येईल तो घे. घरात ठेवायचाय का?"

सोमवार, ३० जून

काल पुण्याला जाऊन जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानातून वापरलेला आरएक्स१० मार्क ४ आणला. पाऊण तास तिथे उभी होते. लेन्समध्ये बॅटरी मारून तिरकं पाहिलं. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे चमकतात. एकही नव्हता. झूम दहा वेळा पुढेमागे केला, अडखळला नाही. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का पाहिलं. येताना हवाबंद झाकणाचा मोठा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या घेतल्या. आता कॅमेरा रात्री पुसून, कोरडा करून डब्यात जाईल. त्यात आळस नाही.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

पहाटेपासून संततधार. साबुदाणा भिजत घालून साकवावर गेले. आई नको म्हणत असताना मागोमाग आलीच.

साडेआठला पाऊस जरा थांबला. शीळ आली आणि तो मुळावर उतरला, चोचीत सापसुरळी. म्हणजे पिल्लं झाली! सापसुरळीचं शेपूट अजून वळवळत होतं. तो तिला मुळावर आपटायचा, थांबायचा, मान वरखाली करायचा, पुन्हा आपटायचा. फोकसचा बिंदू हाताने डोळ्यावर आणायला वेळ गेला, पहिले बरेच फोटो फुकट. मग तो दोन क्षण स्तब्ध बसला. शटर साठावा भाग, आयएसओ ३२००. खटका इतका हलका की मलाच नीट ऐकू आला नाही. तो बिळात सूर मारून गेला आणि मी श्वास सोडला.

खिचडी होईपर्यंत आईने धीर धरला. मग टीव्हीला लावला. पाठीवर पावसाचे तीन थेंब, गोल, फुटलेले नाहीत. सापसुरळीच्या अंगावरचे खवले वेगवेगळे. डोळ्यात वरच्या आभाळाचा एक लहानसा तुकडा.

आई उठून पडद्याजवळ गेली, चष्मा वर केला आणि पायावर बोट ठेवलं.

"तिबोटी म्हणतेस ना? एक, दोन... तिसरं कुठाय?"

"मागे गेलंय आई, मुळाला धरून बसलाय."

तिने आणखी वाकून पाहिलं. "मग उद्या बाजूने काढ."